पावलांचे संगीत आणि चाकूरचे मैदान

लातूरहून नांदेडकडे निघाले की वाटेत चाकूर लागते. तालुक्याचे गाव. भोवती सोयाबीन आणि तूर, तालुक्यातच वडवळ नागनाथचे वनौषधींचे बेट, आणि गावालगत सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतली पोरे इथे येतात, कवायत आणि हत्यार शिकतात, आणि दीक्षांत संचलनाच्या दिवशी शपथ घेऊन सीमेकडे रवाना होतात. त्या दिवशी मैदानावर शपथ होते, सलामी होते, भाषणे होतात, बक्षिसे वाटली जातात. या सगळ्याला एकत्र धरून ठेवते ते बँडचे वादन. ते काढून टाकले तर मैदानावर शेकडो माणसे चालताना दिसतील, पण संचलन दिसणार नाही.

तरीही या संगीताबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. ख्यालावर, नाट्यपदांवर, लावणीवर, अभंगावर आपल्याकडे कपाटे भरतील एवढे लेखन आहे. घराण्यांवरचे वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मात्र ज्या संगीतावर पावले टाकत आपल्याच गावची मुले सैन्यात आणि पोलिसांत दाखल होतात, ते आपण सरकारी कार्यक्रमाचा भाग समजून सोडून दिले. माझे म्हणणे असे की संचलनाची धून हे पूर्ण दर्जाचे संगीत आहे. तिला आपली म्हणायचे असेल, तर कार्यक्रमपत्रिकेतली एक धून खोडून दुसरी लिहिल्याने ते साधणार नाही. ती रचणारी आणि वाजवणारी माणसे इथे घडवावी लागतील.

आधी ही धून करते काय, ते पाहू. ‘तेज चल’चा हुकूम झाला की मिनिटाला १२० पावले पडायला हवीत, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे. ‘धीरे चल’ची गती याच्या जवळजवळ निम्मी. आता मैदानाची लांबी विचारात घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बँडपासून शंभर मीटरवर चालणाऱ्या तुकडीला ढोलाचा ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक पाऊल मागे. प्रत्येकाने फक्त कानावर विसंबून पाऊल टाकले तर पुढची आणि मागची रांग एकमेकींपासून सुटेल. म्हणून प्रशिक्षणार्थी कानाने ऐकतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याचा खांदाही धरून ठेवतो. बास ड्रमचा भरीव ठोका डाव्या पावलाला हाक देतो, साईड ड्रम मधल्या जागा भरतो, आणि चाल या दोघांवरून जाते. रचनाकाराला आपली सगळी कल्पकता या चौकटीत बसवायची असते. वाक्य चार किंवा आठ मोजणीत संपले पाहिजे, वादकाला चालता चालता श्वास घेता आला पाहिजे, आणि चाल इतकी ठसठशीत हवी की उघड्या मैदानातल्या वाऱ्यातही तिचा आकार हरवू नये.

या धुनेचा साचा ठरलेला असतो: आवाहन, पहिला भाग, दुसरा भाग आणि मग ट्रायो. ट्रायोत बहुधा मूळ षड्ज सोडून मध्यमाला षड्ज धरले जाते, आवाज खाली येतो, आणि लांब स्वरांची गाती चाल सुरू होते. ठुमरी गाताना मध्यमाला सा मानण्याची रीत आपल्याकडेही आहे. तिथे जो मोकळेपणा जाणवतो तोच इथे जाणवतो. अमेरिकेच्या जॉन फिलिप सूसाने या साच्यात शंभराहून अधिक रचना केल्या. इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्टने १९०९ मध्ये लष्करी बँडसाठी पहिला ‘सुइट’ लिहिला, त्याचा शेवटचा भाग मार्चच आहे. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेले काही बँडवर उतरवून घ्यावे, असे त्याने केले नाही. या वाद्यांचा स्वभाव ओळखून त्यांच्यासाठीच ताजे लिहिले. खुर्चीवर बसून वाजवणाऱ्या आणि खुर्चीवर बसून ऐकणाऱ्यांसाठीही मार्च उभा राहू शकतो, हे अशा रचनांनी सिद्ध केले. पावलांचा आधार काढून घेतल्यावरही जी धून टिकते, तिच्यात संगीत आहे असे समजावे.

माणसांना एकत्र चालवणारे संगीत आपल्याला नवे नाही. वारीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली पडते, तेव्हाही शेकडो पाय एका लयीत असतात. पण दिंडीतल्या माणसाला स्वतःचे पाऊल असते. म्हातारा थोडा मागे राहतो, तरुण उडी घेतो, एखादी बाई फुगडीसाठी बाजूला होते, आणि लय सगळ्यांना सामावून घेते. संचलनाच्या धुनेत ही सवलत नाही. तिथे एकाचे पाऊल चुकले तर ते लांबूनही दिसते. हा फरक मोठा आहे, आणि या संगीतावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही इथूनच निघतो: माणसाचे वेगळेपण पुसून त्याला आज्ञेचा गुलाम करणारे हे संगीत आहे, त्याचे कौतुक कशाला?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विसाव्या शतकात अशाच धुनांवर लाखो तरुण खंदकांत गेले आणि परतले नाहीत. हुकूमशहांच्या मिरवणुकांनाही हेच ढोल वाजले. मी एवढेच म्हणेन की चाकूरच्या मैदानावर चालणाऱ्या पोराने नुकतीच संविधानाची शपथ घेतलेली असते. तो कोणत्या भाषेचा, कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा हे त्याच्या पावलावरून ओळखता येत नाही, आणि आपल्या समाजात माणसाला अशी जागा फार थोड्या ठिकाणी मिळते. शिवाय याच बँडला शहीद जवानाच्या अंत्ययात्रेत संथ चाल वाजवावी लागते. त्या वेळी ढोलांवर कापड टाकून आवाज दबवण्याची रीत आहे. जोशाची धून आणि शोकाची धून त्याच हातांनी वाजते, म्हणून समारंभाच्या संगीतावर जबाबदारी जास्त. ते भडक झाले की खोटे वाटते, आणि कंटाळवाणे झाले की अपमानास्पद.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. बँड इंग्रजांनी आणला, वाद्ये त्यांची, पोशाख त्यांचा, धुनाही त्यांच्या. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थना वर्षानुवर्षे वाजत असे. ती महात्मा गांधींच्या आवडीची होती. २०२२ मध्ये ती वगळली गेली आणि तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. त्यावर देशभर वाद झाला. महाराष्ट्रात मात्र एक गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवली नाही: ही चाल आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी ती पहिल्यांदा गायली. चीनच्या युद्धातल्या पराभवाची जखम तेव्हा ताजी होती.

ही चाल बँडवर आली याचा मला आनंद आहे. पण ती एका गळ्यासाठी, शब्दांच्या भाराने वाकणारी अशी बांधलेली आहे. क्लॅरिनेट आणि कॉर्नेटवर ती ऐकताना ऐकणारा मनात शब्द म्हणतो, आणि जो परिणाम होतो तो बराचसा त्या आठवणीतल्या शब्दांचा असतो. ‘सारे जहाँ से अच्छा’चे, ‘कदम कदम बढाये जा’चेही थोडेफार तसेच. दुसऱ्या गाण्याची चाल आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन रामसिंह ठाकुरींची, आणि ती चालण्यासाठीच जन्मली, म्हणून मैदानावर इतकी खुलते. मराठा लाइट इन्फंट्रीची तुकडी प्रजासत्ताक दिनी ‘मर्द आम्ही मराठे खरे’वर चालते, सीमा सुरक्षा दलाचा उंटांवरचा बँड ‘हम हैं सीमा सुरक्षा बल’ वाजवतो. सगळीकडे गाणे आधी आणि बँड नंतर. बँडसाठीच विचार करून, त्याच्या वाद्यांच्या अंगाने रचलेल्या आपल्या धुना नाहीत असे नाही, पण सामान्य श्रोत्याला त्यांची नावेही ठाऊक नसतात. देशी-परकी हा वाद धुनांच्या यादीवर अडकून पडला, आणि रचनेचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

परकेपणाचे म्हणाल तर इतिहास फार गुंतागुंतीचा आहे. नगाऱ्यांची जोडी क्रुसेडच्या काळात अरबांकडून युरोपात गेली. बास ड्रम, झांजा आणि ट्रँगल युरोपच्या लष्करी बँडमध्ये तुर्कांच्या मेहतर पथकांमुळे शिरले. मोत्सार्टनेसुद्धा त्या नादाची नक्कल केली. म्हणजे इंग्रजांनी आपल्याला जे दिले त्याच्यातला अर्धा गडगडाट आशियाचाच होता. मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंच्या बाजूने इब्राहिमखान गारदी होता, फ्रेंच पद्धतीच्या कवायती पलटणी घेऊन. पुढे निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, इथे पडल्या. निजामाच्या बेकवायती फौजेत हद्रमौतचे अरब आणि सिद्दी होते. त्यांचा मर्फा हैदराबादेपासून आपल्याकडपर्यंत लग्नांत आणि मिरवणुकांत वाजत आला. नांदेडला दसऱ्याच्या आणि होळीच्या हल्लाबोलात शिखांचा नगारा घुमतो. लष्कराचे संगीत लग्नात आणि उत्सवात उतरणे, ही इथली जुनी चाल आहे.

आता या चर्चेत ज्यांना सर्वांत आधी बोलावले पाहिजे त्यांच्याकडे येतो. ते म्हणजे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म आळंदीचा, १८९८ चा. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. ‘माणूस’ आणि ‘शेजारी’सारख्या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न उघडाच होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. ती तिथल्या ऑर्केस्ट्राने वाजवली आणि ती सगळ्यांना आवडली. ऑगस्ट १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत हा प्रसंग सांगितला आणि राष्ट्रगीत हे आधी चालीचे असते, ते बँडला आणि ऑर्केस्ट्राला वाजवता आले पाहिजे, अशी भूमिका मांडली. ‘वंदे मातरम्’ त्या कसोटीला उतरत नाही असे त्यांचे मत होते.

मास्टर कृष्णरावांनी ही कसोटीच स्वीकारली. त्यांनी झिंझोटीच्या अंगाने ‘वंदे मातरम्’ला समूहाने म्हणता येईल अशी चाल दिली, मुंबई पोलीस बँडच्या प्रमुखाची मदत घेऊन तिची बँडची स्वरलिपी करून घेतली आणि दिल्लीत जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढे ती ऐकवली. ख्यालगायक असलेला माणूस बँडच्या पितळी वाद्यांसमोर बसून आपला राग त्यांना कसा सांगायचा याचा विचार करतो, हे चित्र मला आपल्या संगीताच्या इतिहासातले फार मोलाचे वाटते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान दिला. मास्टर कृष्णरावांचा आग्रह त्या अर्थी पूर्ण झाला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही शिल्लक आहे: आपली चाल बँडवर जाताना तिच्यातले काय टिकते आणि काय गळते?

याचे उत्तर तांत्रिक आहे, म्हणून ते टाळू नये. झडपांच्या वाद्यावर मींड नीट निघत नाही. स्वर एकेका पायरीने येतो. वाद्यांच्या पट्ट्या ठरलेल्या, बहुतेक बी फ्लॅट आणि ई फ्लॅटच्या, त्यामुळे गायकासारखा षड्ज हवा तिथे नेता येत नाही. दरबारीतला आंदोलित गंधार युफोनियमवर येणार नाही, आणि आणण्याचा हट्टही करू नये. उलट भूप आणि दुर्गा यांसारख्या पाच शुद्ध स्वरांच्या रागांना ही वाद्ये मनापासून साथ देतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत उत्तीर्ण होणारे छात्र ज्या ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरावर संथ पावलांनी बाहेर पडतात, ती स्कॉटलंडची चाल; तिचे स्वर मात्र भूपाचेच पाच, सा रे ग प ध. ती आपल्या कानाला कधी परकी वाटली नाही याचे एक कारण हेही असावे. तालाचेही तसेच. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा डाव्या-उजव्या पावलात बसत नाहीत. केरवा बसतो, दादराही बसतो. पाश्चात्त्य मार्चमध्ये दोन आघातांत सहा मात्रांची लय जुनीच आहे. आणि पोवाड्याची चाल, लेझमीच्या पायाखालची हलगी, ही तर पायांसाठीच घडलेली.

इथे गोष्ट हलगी वाजवणाऱ्यांपर्यंत येते. मराठवाड्यात हलगी, डफ, सनई पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग समाजाच्या घरांनी सांभाळली. लग्नात नवरदेवाचा परण्या मारुतीला निघतो तेव्हा पुढे चालणारा बँडही बहुतेक त्यांचा, काही ठिकाणी मुसलमान वादकांचा. या बँडचा पोशाख पाहा: लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्यावरच्या पट्ट्या. एकोणिसाव्या शतकातल्या पलटणींच्या बँडची ती थेट पुढची पिढी. वाद्येही मेरठच्या जली कोठीतून येतात, आणि तिथला हा धंदा उभा करणारे नादिर अली इंग्रजी फौजेतले बँडमास्तर होते. म्हणजे चाकूरच्या मैदानावरचा बँड आणि चाकूरच्या बाजारपेठेतून वरातीपुढे जाणारा बँड एकाच घरातले. एकाला मानवंदना मिळते. दुसऱ्याला लग्नाच्या पंगतीत शेवटी जेवायला बसवतात.

ही विषमता मला सहन होत नाही. लग्नाच्या बँडमधला पोरगा एखादे नवे गाणे दोनदा ऐकून ट्रम्पेटवर काढतो. तेवढा कान पैसे देऊन मिळत नाही. पण त्याला स्वरलिपी कोणी शिकवली नाही, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या किंवा निमलष्करी दलांच्या बँडमध्ये जाऊन पुढे सरकायचे तर लिहिलेले वाचून वाजवावे लागते. तिथेच तो अडतो. डीजेच्या भिंतींनी लग्नाचा हंगामही खाल्ला. ट्रम्पेट माळ्यावर जाते आणि पोरगा ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर जातो. वरातीतला आवाज वाढला, वाजवणारे हात कमी झाले, आणि आपण हे प्रगती म्हणून सोडून दिले.

शिकवले तर काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले गेले. तिथूनच फौजेच्या आणि पोलिसांच्या बँडला वादक मिळाले आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक मिळाले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या सुरांमागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा हात होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांना गायनशाळा काढून दिली, आणि मौलाबक्षांनी आपल्या संगीतासाठी स्वरलिपी तयार केली. पचमढीला १९५० पासून सैन्याचे वादक शिकताहेत. दर वेळी आधी शाळा आली आणि मग संगीत आले. मराठवाड्यात शाळा आली नाही, एवढेच घडले.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ते सुरू झाले, आणि लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे चारही हलगीचे आणि बँडचे मुलूख त्याच्या कक्षेत येतात. त्या विद्यापीठाने फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम काढावा. दहावीची अट शिथिल ठेवावी, आणि प्रवेशात वादकांच्या घरातल्या मुला-मुलींना पहिला मान द्यावा. मुलींना मुद्दाम, कारण लग्नाच्या बँडने त्यांना कधी आत घेतले नाही आणि दलांच्या भरतीत त्यांच्यासाठी दार उघडे आहे. पाच रेषांची पाश्चात्त्य लिपी आणि भातखंड्यांची स्वरलिपी शेजारी शेजारी शिकवावी. शिकवायला दलांचे निवृत्त बँडमास्तर आणावेत आणि हलगीसाठी गावातलेच उस्ताद मानधन देऊन बोलवावेत. चाकूरच्या केंद्राने वर्षातून एक सकाळ आपले मैदान या विद्यार्थ्यांसाठी खुले केले, तर त्यांना शिस्त कशाला म्हणतात ते ऐकायला मिळेल.

आणि मग चाकूरसाठी एक धून लिहून घ्यावी. कुठल्या गाण्याची उसनी चाल नको. पहिला भाग भूपात, कॉर्नेट आणि ट्रम्पेटवर, आठ-आठ मोजणीची सरळ वाक्ये. दुसऱ्या भागात ट्रॉम्बोन आणि युफोनियमने खालून उत्तर द्यावे, पोवाड्यात शाहिराला झीलकरी देतो तसे. ट्रायोच्या तोंडाशी सगळी पितळी वाद्ये थांबावीत आणि केरव्याची दोन आवर्तने फक्त हलगी वाजावी. साईड ड्रमने तिची नक्कल करू नये, हलगीच मैदानात आणावी. मग मध्यमाला सा धरून क्लॅरिनेटने दुर्गातली चाल उचलावी, आणि शेवटी दोन्ही चाली एकमेकींवर चढाव्यात. भूप आणि दुर्गा यांचे स्वर असे पट्टी बदलून एकत्र येतात तेव्हा काय काय जुळते, हे रचनाकाराला महिनाभर बसून शोधावे लागेल. त्याला तेवढे पैसे आणि तेवढा वेळ द्यावा. पहिले वादन प्रशिक्षणार्थींच्या पावलांसह व्हावे, आणि दुसरे लातूरच्या एखाद्या सभागृहात, वादक खुर्चीवर बसलेले आणि श्रोते तिकीट काढून आलेले. कारण ती नुसती ऐकायलाही टिकते का, हे तिथेच कळेल.